सभिक, पंच आणि उघडा फांसा

१

फांसा पटावर पडतो तेव्हां दोन गोष्टी घडतात. एक, दान पडतें; दुसरी, तें दान पडलेलें लोक पाहतात. पहिल्या गोष्टीसंबंधीं, म्हणजे अक्षांचे प्रकार, दानांचीं नांवें, पणाचे नियम यांविषयीं, विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. दुसरीकडे त्या मानानें लक्ष कमी गेलें आहे. फांसा कोणाच्या देखत पडावा, तो कोणीं पुरवावा, पडलेल्या दानाचा अर्थ कोणीं सांगावा, आणि सांगणाऱ्यास तो अर्थ बदलण्याचा अधिकार असावा कीं नाहीं, हे प्रश्न पडलेल्या दानाइतकेच महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखांत त्यांचाच विचार करावयाचा आहे.

हा विचार सुचण्यास एक अर्वाचीन निमित्त आहे. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेंतून निघून जगभर पसरलेला एक बैठा खेळ आहे. इंग्रजी नांवावरून त्यास 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपण त्यास भूमिकाखेळ म्हणूं. चारसहा जण एका मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येक जण एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतो, आणि एक जण सूत्रधार होतो. ओसाड किल्ला, त्यांतील भुयारें, तेथील शत्रु, हें सर्व सूत्रधार वर्णन करून सांगतो. पात्रें काय करतात तें खेळणारे सांगतात. आणि जेथें यशापयशाची शंका असेल तेथें फांसा टाकून निर्णय करतात. आतां वाद असा कीं, सूत्रधारानें आपले फांसे सर्वांसमक्ष टाकावे, कीं पुढें पुठ्ठ्याचा पडदा उभा करून त्याआड टाकावे? आड टाकणाऱ्यांचें म्हणणें, एखादें अवेळीं पडलेलें दान चांगल्या कथेचा नाश करील, म्हणून तें गुपचूप फिरविण्याची मोकळीक असावी. उघड टाकणाऱ्यांचें म्हणणें, जें दान फिरवितां येतें तें दानच नव्हे.

वाद करमणुकीचा दिसतो, परंतु त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न राजसभेंत आणि रणभूमीवरही उपस्थित झालेला आहे. त्याचे दाखले क्रमानें पाहूं.

२

आपल्याकडे द्यूत हें प्रारंभापासूनच सभेंतील कृत्य आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ३४ वें सूक्त द्यूतकाराच्या दुर्दशेचें आहे. त्यांतील जुगारी सभेकडे जातो आणि तेथेंच जिंकतो किंवा हरतो. राजसूयांत राजा ज्या 'रत्नीं'च्या घरीं जाऊन हवि देतो त्यांत अक्षावाप नांवाचा अधिकारी गणलेला आहे. अक्षांचा कारभार पाहणारा पुरुष सेनानी व पुरोहित यांच्या मालिकेंत बसतो, यावरून अक्षपात हा खाजगी व्यवहार मानला जात नव्हता हें उघड आहे.

या पद्धतीचें कायदेशीर स्वरूप कौटिलीय अर्थशास्त्रांत स्पष्ट दिसतें. या ग्रंथाची पोथी १९०५ त म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आर. शामशास्त्री यांच्या हातीं आली व त्यांनीं ती १९०९ त छापून प्रसिद्ध केली, हें वाचकांस ठाऊकच आहे. तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत द्यूतसमाह्वयाचा विचार आहे. द्यूताध्यक्षानें द्यूत एकाच ठिकाणीं चालवावें. अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड. याचा हेतु असा कीं, गुप्तपणें उपजीविका करणारे लोक तेथें ओळखूं यावे. अध्यक्षांनीं शुद्ध काकण्या व अक्ष खेळण्यासाठीं ठेवावे. ते बदलून दुसरे घातल्यास पुन्हां बारा पण. कपटानें खेळल्यास प्रथम साहसदंड, आणि शिवाय जिंकलेलें द्रव्य परत. जिंकलेल्या द्रव्यांतून अध्यक्षानें शेंकडा पांच घ्यावे, आणि अक्षादि साधनांचें भाडें, पाणी व जागा यांचा आकार वेगळा घ्यावा.

याच ठिकाणीं कौटिल्यानें पूर्वाचार्यांचें एक मत खोडून काढलें आहे. द्यूताचा तंटा राजद्वारीं आला असतां जिंकणारास प्रथम साहसदंड व हरणारास मध्यम दंड करावा, असें आचार्य म्हणतात. कारण हरलेला मूर्ख असून पराजय सोसवत नाहीं म्हणून तो फिर्याद करतो. कौटिल्य यास नाहीं म्हणतो. हरणारास दुप्पट दंड होऊं लागला तर राजाकडे कोणीच येणार नाहीं. आणि जुगारी बहुधा कपटानेंच खेळणारे असतात. फिर्यादीचा मार्ग बंद झाला कीं कपट उघडकीस येण्याचा मार्गही बंद होतो, हें तो जाणतो. ज्यास संशय आला त्यास बोलूं द्यावें, हा या मताचा मथितार्थ आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत (श्लोक १९९ ते २०३) अध्यक्षाच्या जागीं सभिक आहे. मिताक्षरेनें केलेल्या अर्थाप्रमाणें शंभर किंवा त्याहून अधिक पणाच्या खेळांत त्यानें शेंकडा पांच व इतरांत शेंकडा दहा घ्यावे. राजानें त्याचें रक्षण करावें, त्यानें राजाचा ठराविक भाग द्यावा, जिंकणारास त्याचें द्रव्य मिळवून द्यावें, आणि सत्य बोलावें व क्षमाशील असावें. यापुढील नियम आपल्या विषयास फार उपयोगी आहे. प्रसिद्ध अशा द्यूतमंडळांत, सभिकासमक्ष, राजाचा भाग देऊन खेळ झाला असेल तरच राजानें जिंकलेलें द्रव्य देववावें, एरवीं नाहीं. म्हणजे आडोशाला पडलेलें दान कायद्याच्या दृष्टीनें पडलेलेंच नाहीं. तंट्यांत पाहणारे व साक्षी तेच, म्हणजे द्यूतकारच, असेंही तेथें सांगितलें आहे. आणि कूटाक्षांनीं खेळणारास अंगावर डाग देऊन हद्दपार करावें. ही मिताक्षरा चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) याच्या राज्यांत कल्याणी येथें विज्ञानेश्वरानें लिहिली. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत पुढें तिला केवढें प्रामाण्य मिळालें तें सांगावयास नकोच.

कात्यायनाचें वचन याहून पुढें जातें. ही स्मृति अखंड मिळत नाहीं. निबंधग्रंथांत विखुरलेलीं तिचीं वचनें पां. वा. काणे यांनीं गोळा करून १९३३ त प्रसिद्ध केलीं. द्यूत व्हावयाचेंच असेल तर तें प्रकटपणें व्हावें, दारावर तोरण असावें, म्हणजे भल्या माणसांचा गैरसमज होणार नाहीं, आणि त्यापासून राजास कर मिळावा, असा त्याचा आशय आहे. दारावर तोरण बांधून द्यूत खेळण्याची ही कल्पना आज विचित्र वाटेल. परंतु तींत एक व्यावहारिक शहाणपण आहे. आंत काय चाललें आहे हें बाहेरच्यास कळलें पाहिजे, आणि आंत जाणारास आपण कोठें जात आहों हें कळलें पाहिजे.

मनु या सर्वांच्या विरुद्ध आहे. नवव्या अध्यायांत तो द्यूत व समाह्वय दोन्ही राष्ट्रांतून काढून टाकावयास सांगतो आणि त्यांस उघड चोरी म्हणतो. त्याच्या मतें उघडेपणानें चोरीची चोरी राहण्यांत कांहीं कमी होत नाहीं. बृहस्पतीनें हा मतभेद नमूद केला आहे: मनूनें निषेध केला, इतरांनीं चोर ओळखण्यासाठीं सभिकाच्या देखरेखीखालीं मोकळीक दिली. मनूचा आक्षेप हलका नाहीं, आणि त्याचा विचार पुढें करावयाचा आहे.

व्यवहारांत हें कसें दिसे याचें चित्र मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकांत आहे. दहा सुवर्ण हरलेला संवाहक पळतो आणि ओसाड देवळांत मूर्ति होऊन उभा राहतो. सभिक माथुर व दुसरा जुगारी त्याचा माग काढीत तेथें येतात आणि त्याच्यासमोरच खेळूं लागतात. फांशांच्या आवाजानें मूर्तीला राहवत नाहीं व ती पकडली जाते. माथुर त्यास द्यूतकारांच्या मंडलानें बांधतो, आणि त्या न दिसणाऱ्या बंधनापुढें संवाहक निरुपाय होतो. नाटककारानें हें हास्यासाठीं रचलें असलें तरी मंडलाचें बंधन त्या काळच्या प्रेक्षकांस समजण्याजोगें होतें, म्हणूनच तें हास्य साधलें.

शेंकडा पांचाच्या आकारासंबंधीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सभिकाचा भाग जिंकलेल्या द्रव्यावर आहे. मग तें द्रव्य देवदत्तानें जिंकलेलें असो कीं यज्ञदत्तानें. कोण जिंकतो यांत त्याचें कांहींच अडत नाहीं. खेळ चालावा, तो स्वच्छ आहे अशी लोकांची खात्री असावी, एवढ्यांतच त्याचा स्वार्थ. निःपक्षपातीपणासाठीं स्मृतिकारांनीं सभिकाच्या सद्गुणांवर भिस्त ठेवली नाहीं. सत्य बोलण्याचा उपदेश केला, पण त्याच्या मिळकतीची रचनाही अशी केली कीं, खोटें बोलण्यांत त्यास लाभ नसावा.

३

येथें एक शंका येते. भारतीय वाङ्मयांतील सर्वांत अन्यायाचें द्यूत आडोशाला झालेलें नाहीं. हस्तिनापुरांत तें भरसभेंत झालें. भीष्म, द्रोण, विदुर तेथें होते. मग उघडेपणाचा उपयोग काय?

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींतील सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनीं संपादिलें व तें १९४४ त पुरें झालें. तें पाहिलें असतां असें दिसतें कीं, शकुनीनें कपटाचा आश्रय केला हें पुन्हां पुन्हां सांगितलें आहे, पण कपट कोणत्या प्रकारचें तें सांगितलेलें नाहीं. मंतरलेल्या फांशांच्या ज्या कथा आपण लहानपणापासून ऐकतों त्या लोकांनीं ही पोकळी भरून काढण्यासाठीं रचल्या असाव्या. संहितेंत मात्र दोन दोष स्पष्ट आहेत, आणि दोन्ही सर्वांस दिसत होते. पहिला, पण लावणार दुर्योधन आणि फांसे टाकणार शकुनि. एकासाठीं दुसऱ्यानें खेळणें विषम आहे, असें युधिष्ठिर प्रारंभींच म्हणतो आणि तसाच खेळावयास बसतो. दुसरा, सभेचा मुख्य धृतराष्ट्र. 'जिंकलें काय?' या अर्थाचा प्रश्न तो अधीरपणें विचारीत राहतो, आणि आपला हर्ष त्यास लपवितां येत नाहीं. तेथें राजा होता, आप्त होते, ज्ञाते होते. कोणीही जिंकलें तरी ज्याचें कांहीं अडत नाहीं असा सभिक मात्र नव्हता.

तेव्हां फांसा उघड पडणें हें आवश्यक असलें तरी पुरेसें नव्हे. पाहणारास हरकत घेण्याचें सामर्थ्य हवें, आणि अध्यक्ष निकालाविषयीं उदासीन हवा. सभेनें पाहिलें पण थांबविलें नाहीं. म्हणून ती सभा साक्षी झाली, पंच झाली नाहीं.

याउलट वनपर्वांतील नलोपाख्यानांत एक प्रसंग आहे. ऋतुपर्ण राजा धांवत्या रथांतून बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती तें सांगतो. बेहड्याचीं फळेंच त्या काळीं अक्ष म्हणून वापरीत, आणि त्यांच्या संख्येवरून कृत, त्रेता, द्वापर, कलि हीं दानें ठरत, असा बहुतेक अभ्यासकांचा अभिप्राय आहे. मोजणी क्षणांत करणारा जिंकणार, आणि त्याची मोजणी इतरांस पडताळतां न येणारी. सारथ्याच्या वेषांतील नल ती संख्या ऐकून मान डोलवीत नाहीं. तुझें सांगणें माझ्या दृष्टीआडचें आहे, मी तें प्रत्यक्ष करतों, असें म्हणून तो रथ थांबवितो, घाई असतांही झाड पाडतो आणि फळें मोजतो. संख्या बरोबर निघते. मगच तो अक्षहृदय मागतो, आणि ऋतुपर्णासही पडताळ्याचा राग येत नाहीं. खऱ्या जाणत्याचें पडताळ्यानें कांहींच बिघडत नाहीं, उलट त्याची विद्या घेण्याजोगी आहे हें सिद्ध होतें.

४

आतां पश्चिमेकडील धागा पाहूं. कारण अर्वाचीन भूमिकाखेळ आपल्या द्यूतापासून निघालेला नसून प्रशियाच्या सैन्यांतील युद्धखेळापासून निघालेला आहे. जर्मन भाषेंत त्यास 'क्रीग्सश्पील' म्हणत. ब्राउनश्वाइग येथील हेल्विग यानें १७८० त बुद्धिबळावरून युद्धाचा एक खेळ रचला; त्यांत फांसा नव्हता. पुढें ब्रेस्लाउचा गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइस्वित्स यानें १८१२ च्या सुमारास प्रशियाच्या राजास असा खेळ मेजावर मांडून दाखविला. त्याचा मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें तो खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला, दोन मिनिटांस एक डाव असें मान ठरविलें, आणि १८२४ त नियमांचें पुस्तक छापलें. प्रशियाच्या सेनाकार्यालयाचा प्रमुख म्यूफ्लिंग यानें त्याच वर्षीं सैन्यास त्याची शिफारस केली.

या खेळांत दोन पक्ष लेखी हुकूम देत आणि मध्यें एक पंच असे. मूळ पुस्तकांत त्यास 'विश्वासू' या अर्थाचा शब्द आहे. दोन्ही पक्षांची खरी स्थिति त्यालाच ठाऊक. ज्या पक्षास शत्रूची जी पलटण दिसण्याजोगी असेल तेवढीच तो नकाशावर मांडी. परंतु गोळीबाराचा परिणाम मात्र पंचाच्या मर्जीवर नव्हता. त्यासाठीं विशेष फांसे व कोष्टकें होतीं, आणि कोष्टकांस शार्नहोर्स्ट यानें प्रसिद्ध केलेल्या गोळीबाराच्या प्रयोगांतील आंकड्यांचा आधार होता. पुस्तक छापील असल्यामुळें पंचानें कोष्टक नीट लावलें कीं नाहीं हें कोणाही अधिकाऱ्यास पाहतां येई.

येथें गुप्ततेचे दोन प्रकार वेगळे झालेले दिसतात. एक परिस्थितीची गुप्तता: टेकडीआड शत्रु आहे कीं नाहीं हें न कळणें. दुसरी निर्णयाची गुप्तता: निकाल कोणत्या रीतीनें लागला हें न कळणें. राइस्वित्सनें पहिली पाळली, कारण खऱ्या युद्धांतही ती असते. दुसरी त्यानें नियमांनीं बांधून टाकली.

ही घडी पन्नास वर्षांनीं मोडली. कोष्टकें किचकट होतीं, खेळ रेंगाळे. मेकेल यानें १८७३ त नियमांच्या जाचाविरुद्ध लिहिलें. आणि १८७०–७१ च्या युद्धांत मोल्टकेच्या हाताखालीं असलेल्या फेर्डी द्यु व्हेर्न्वा यानें १८७६ त फांसे व कोष्टकें बाजूस ठेवून सर्व निर्णय अनुभवी पंचावर सोंपवावा असें सुचविलें. यास 'मुक्त' खेळ म्हणूं लागले. फेर्डीच्या बाजूनें हें म्हटलें पाहिजे कीं, त्यानें कांहीं लपविलें नाहीं. निकाल माझ्या बुद्धीनें देतों असें त्याचा पंच उघड म्हणतो. फांसा टाकल्याचें सोंग करीत नाहीं. पंच जाणता व उदासीन असेल तर ही रीति उत्तम चालते. तो उदासीन नसेल तर काय होतें, याचा दाखला पुढील शतकांत मिळाला.

५

मे १९४२ मध्यें जपानच्या संयुक्त आरमारानें मिडवे बेटावरील स्वारीची तालीम 'यामातो' या युद्धनौकेवर केली. अध्यक्षस्थानीं त्या आरमाराचा चीफ ऑफ स्टाफ उगाकी होता. फुचिदा व ओकुमिया या दोन अधिकाऱ्यांनीं १९५१ त जपानीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तालमीची हकीकत आहे. जपानी विमानें मिडवेवर गेलेलीं असतां बेटावरील अमेरिकन विमानांनीं विमानवाहू जहाजांवर हल्ला केला, असें खेळांत आलें. परिणाम ठरविण्यासाठीं पंच म्हणून ओकुमियानेंच फांसे टाकले. नऊ बाँब लागले, 'आकागी' व 'कागा' हीं दोन जहाजें बुडालीं, असा निकाल आला. उगाकीनें तो तेथल्या तेथें फिरविला. तीनच बाँब लागले. 'कागा' बुडालें आणि 'आकागी'स थोडी इजा झाली, असें त्यानें ठरविलें. पुढच्या टप्प्यांत तर बुडालेलें 'कागा'ही पुन्हां खेळांत आलें. जूनच्या लढाईंत आकागी, कागा, सोर्यू व हिर्यू हीं चारही जहाजें बुडालीं.

पुराव्याची थोडी छाननी केली पाहिजे. फुचिदाच्या इतर कांहीं विधानांवर जोनाथन पार्शल व अँथनी टली यांनीं २००५ च्या ग्रंथांत साधार आक्षेप घेतले आहेत, म्हणून त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबणें योग्य नव्हे. परंतु या प्रसंगीं फांसे टाकणारा ओकुमिया हाच सहलेखक असल्यामुळें हकीकत ऐकीव नाहीं. दुसरें असें कीं, फांशांनीं भविष्य सांगितलें असें मानणें भाबडेपणाचें होईल. प्रत्यक्ष लढाईंत मिडवे बेटावरील विमानांचा एकही बाँब त्या जहाजांस लागला नाहीं. तीं बुडालीं तीं अमेरिकन विमानवाहू जहाजांवरून आलेल्या विमानांमुळें. नऊ हा आंकडा फार आहे असें उगाकीस वाटलें असेल तर हिशेबाच्या दृष्टीनें तें चूक नव्हतें.

मग त्याचा दोष कोणता? त्यानें प्रश्नच मिटविला. आपलीं विमानें दूर असतां जहाजांवर घाला आला तर काय, हा प्रश्न फांशानें मेजावर ठेवला होता. आणि ज्याच्या कार्यालयानें ती मसलत रचली त्यानेंच तो उचलून बाजूस केला. उगाकीनें निकाल आड जाऊन फिरविला नाहीं, सर्वांसमक्ष फिरविला. तरीही तो निकाल टिकला. तेव्हां हस्तिनापूरचा धडा येथें पुन्हां मिळतो. अध्यक्ष मसलतीचा जनक होता, सभिक नव्हता.

६

भूमिकाखेळाची उत्पत्ति याच परंपरेंतली आहे. अमेरिकन सेनाधिकारी चार्ल्स टॉटन यानें १८८० त 'स्ट्रॅटेगॉस' नांवाचें युद्धखेळाचें पुस्तक काढलें. त्यांत पंचास मोठा अधिकार दिला होता. मिनेसोटांतील डेव्हिड वेस्ली याच्या हातीं तें जुनें पुस्तक लागलें, आणि १९६९ त त्यानें 'ब्राउनस्टाइन' नांवाच्या कल्पित गांवावर असा खेळ मांडला कीं, प्रत्येक खेळणारा पलटणीऐवजीं एकेका माणसाचा वेष घेई. एका विसरलेल्या पुस्तकाच्या जपलेल्या प्रतीनें नवा प्रकार जन्मास घातला, हें संग्राहकांस विशेष आवडेल. त्याचा सोबती डेव्ह आर्नसन यानें १९७१ त 'ब्लॅकमूर' हा खेळ चालविला. आणि त्यानें व गॅरी गायगॅक्स यानें मिळून १९७४ च्या जानेवारींत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हीं तीन लहान पुस्तकें प्रसिद्ध केलीं.

या खेळांत राइस्वित्सचा फांसा व फेर्डीचा पंच एकत्र आले, आणि त्यांतून एक तिसरीच गोष्ट निर्माण झाली. १९७७ ते १९७९ च्या सुमारास सूत्रधारापुढें उभे करण्याचे छापील पडदे विकले जाऊं लागले. आंतल्या बाजूस कोष्टकें, बाहेरील बाजूस चित्रें. गायगॅक्सनें १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथांत कांहीं फांसे गुप्तपणें टाकण्याची रीति सांगितली, आणि दुर्दैवी दानानें खेळाचा रस जात असेल तेथें तें दान न मानण्याचा सूत्रधाराचा अधिकारही मान्य केला. कोष्टकाचा पंच आपल्या दानास बांधलेला होता. मुक्त पंच फांसा टाकीतच नव्हता. पडद्याआडचा सूत्रधार फांसा टाकतो, त्याचा आवाज सर्वांस ऐकवितो, आणि मग त्यास वाटेल तें सांगतो. निर्णय त्याचा, पण जबाबदारी दैवावर. पंच कांहीं वेळां स्वतः निर्णय करतो यांत वावगें नाहीं. तो दुसऱ्याच्या नांवानें करणें यांत आहे.

याची प्रतिक्रिया पुढें झाली. कित्येक सूत्रधारांनीं पडदा काढून टाकला व सर्व फांसे मेजाच्या मध्यें टाकण्याचा पाठ घातला. २०१० त प्रसिद्ध झालेल्या व्हिन्सेंट बेकर याच्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' या खेळांत तर सूत्रधार फांसाच टाकीत नाहीं. सर्व फांसे खेळणाऱ्यांच्या हातीं. आपल्या सभिकानेंही स्वतः खेळावयाचें नसून खेळवावयाचें असतें, हें येथें सहज आठवतें.

७

वरील दाखल्यांवरून मला पुढील अनुमानें निघतात असें वाटतें.

पहिलें, परिस्थिति झांकणें आणि निर्णय झांकणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाराआड काय आहे हें सूत्रधारानें खुशाल लपवावें. त्यावांचून खेळच नाहीं. क्वचित् फांशाचें दान दाखविल्यानेंच दाराआडचें गुपित फुटत असेल, तर तेवढें दान झांकावें. पण झांकून तें बदलूं नये.

दुसरें, जें दान मानावयाचें नाहीं त्यासाठीं फांसा टाकूं नये. पात्र मरूं नये अशी इच्छा असेल तर तो निर्णय आधींच, स्वतःच्या नांवानें करावा. पंचाचा शब्द आणि फांशाचा शब्द हे दोन्ही प्रतिष्ठित आहेत. एकानें दुसऱ्याचा मुखवटा घातला कीं दोघांचीही प्रतिष्ठा जाते.

तिसरें, फांसा उघडा असला तरी अध्यक्षाचा स्वार्थ उघडा नसेल तर उपयोग नाहीं. सूत्रधारास आपल्या रचलेल्या कथेचा लोभ असतो. म्हणून त्याची गांठ सभिकापेक्षां उगाकीशीं अधिक आहे, हें त्यानें ओळखावें. शेंकडा पांचावर समाधान मानणारा सभिक होणें त्यास कठीण आहे, पण प्रयत्न त्याच दिशेनें हवा. खेळणाऱ्यांसही नलाप्रमाणें, विनयानें पण निश्चयानें, झाड पाडून फळें मोजण्याची मुभा असावी.

राहतां राहिला मनूचा आक्षेप. पणाचें द्यूत उघड झाल्यानें निर्दोष होत नाहीं, हें त्याचें म्हणणें मान्य केलें पाहिजे. मुख्य प्रश्न तेथें द्रव्यहानीचा आहे. परंतु जेथें द्रव्याचा पण नाहीं, जेथें केवळ परस्परांचा विश्वास पणास लागलेला असतो, तेथें उघडेपणा हाच सर्व व्यवहार आहे. तो गेला तर राखावयाचें दुसरें कांहीं उरत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळत असल्याचीं शिल्पें आहेत, आणि त्यांत ते दोघे एकटे नाहींत. भोंवतीं पाहणारे कोरलेले आहेत. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियार यांच्या आश्रयानें सिद्ध झालेल्या श्रीतत्त्वनिधींत खेळांना वाहिलेला कौतुकनिधि आहे. आपल्या दप्तरांत व पोथ्यांच्या रुमालांत मात्र पट, फांसे व खेळाच्या नियमांचीं सुटीं पानें निघालीं तर तीं निरुपयोगी म्हणून बाजूस टाकण्याची संवय आहे. तसें करूं नये. ज्या पानावर कोणीं कोणास किती दिलें एवढेंच लिहिलें आहे, त्यावर तें कोणाच्या देखत दिलें हेंही कदाचित् लिहिलेलें असेल. असें पान ज्यास सांपडेल त्यानें तें मूळच्या ओळींसह प्रसिद्ध करावें, म्हणजे इतरांसही तीं फळें मोजून पाहतां येतील.